बारावं कडवं

२७ मे १९५२, मंगळवार

नाही रे, घाबरले नाही मी. घाबरण्यासारखं काय होतं? आधी तर हसलेच.

तू गेल्याला पाच वर्षं झाली आर्नो, तरी संध्याकाळ झाली की "आज काय झालं गं?" हे तुझं विचारणं माझ्या कानातनं जात नाही. म्हणून तुझ्या खाणीच्या कोऱ्या वहीत उत्तर लिहीत बसते. तर आज असं झालं, की ओढ्याकाठच्या माझ्या बटाट्यांवरनं सकाळी ट्रॅक्टर फिरवला मेल्यांनी. दहा मीटर रुंद पट्टा, पार गिरणीपासून जंगलापर्यंत. वीतभर वर आलेली रोपं मुळासकट उलटी.

मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय पेरताय बाबांनो?"

पोलीस म्हणाला, "काही नाही. जमीन मोकळी ठेवायची. पाऊल पडलं की ठसा दिसला पाहिजे."

"आणि माझ्या कोंबडीचं पाऊल पडलं तर?"

तो हसला नाही. पोरगेलासा होता, मिशी नुकतीच फुटलेली. म्हणाला, "कोंबडीवर गोळी झाडणार नाही."

म्हणजे माझ्यावर झाडणार. हे मला घरी आल्यावर, चुलीत लाकूड घालताना कळलं. हातातलं लाकूड हातातच राहिलं.

युद्ध हरून सात वर्षं झाली, देशाचे दोन तुकडे, ओढ्यापलीकडे अमेरिकन, अलीकडे रशियन. आपण मधे कपडे धुतोय, सरपण आणतोय, क्लाराकडे कॉफी प्यायला जातोय. चौकीवरचा रशियन दोन अंडी घेऊन तोंड फिरवायचा. आता ओढ्यापलीकडे दिसतेय क्लारा, माझी सख्खी बहीण, अंगणात झाडतेय, आणि मी तिला हाक मारायची नाही. पन्नास पावलांवर.

२८ मे, बुधवार

चर्चच्या दारावर कागद लागले. पट्ट्यात पाय ठेवला तर गोळी. ओढ्यापासून पाचशे मीटरांत राहणाऱ्यांनी अंधार पडल्यावर बाहेर यायचं नाही. पलीकडच्या माणसाशी बोलणं, हात करणं, कसलीही खूण करणं गुन्हा. कशासाठी, तर अमेरिकेचे हेर आपली शांतता चोरायला येताहेत. मी ओटिलीला म्हटलं, "आपल्या गावात चोरण्यासारखं तेवढंच होतं."

ती पोट धरून हसली. आणि मग दोघींनी एकदम मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. चाळीस वर्षांच्या मैत्रीत असं कधी केलं नव्हतं आम्ही. शाळेत एका बाकावर बसलो, एकाच दिवशी दोघींना छड्या बसल्या, तेव्हासुद्धा नाही.

सरपंच एडमुंड दुपारी आला. "सेल्मा, तुझी वरची खोली मोकळी आहे ना? जिल्ह्याच्या कचेरीतला एक कारकून येतोय. ओढ्याकाठी राहायचे पास बनवायला. आठ-दहा दिवस."

"दिसायला कसा आहे?"

"तुझ्या वयाला शोभेल असा नाही."

"मग ठेवून घेते. तुलनेत मी तरुण दिसेन."

आला तर चक्क टक्कल, चष्मा, हातात कागदांची पेटी. नाव वेंडलांट. लाइपझिगचा. दारात पाय पुसून आत आला, म्हणजे आई चांगली असणार.

२९ मे, गुरुवार

पाठ धरलीये. धुणं आता ओढ्याकाठच्या दोरीवर नाही घालत, माळ्यावरच वाळवते. उगाच तेवढं खाली कशाला वाकत जायचं.

३० मे, शुक्रवार

वेंडलांट दिवसभर गावाची नोंदवही उतरवून काढतो. कोण कुठं राहतं, कोणाचं कोण पलीकडे आहे. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन गप्प बसतो. गप्प माणूस मला बघवत नाही, तुला माहितीये. त्याला हसवायला मी जत्रेच्या प्रवचनाची गोष्ट काढली.

शहरातला माणूस, त्याला काय ठाऊक! म्हटलं, सुगीनंतरच्या जत्रेत शेवटच्या दिवशी एक पोरगा काळा झगा घालून बिअरच्या पिंपावर चढतो आणि पाद्र्याच्या आवाजात गावाची वर्षभराची लफडी कडव्यांत वाचतो. नाव घ्यायचं नाही, नुसतं टोपणनाव. ज्याची थट्टा झाली त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची. आणि ज्याची झाली नाही तो वर्षभर फुगून बसतो, आपण गावात कुणी नाहीच की काय म्हणून.

"आणि लिहितं कोण?"

"नऊ वर्षं मीच. आधी सासू लिहायची."

एक कडवं म्हणून दाखवलं:

बँडमास्तर गोठ्यात लावी अमेरिकेचं गाणं,
गाय देई दूध दुप्पट, मागे दुप्पट खाणं.

आर्नो, काय हसला तो! चष्मा काढून डोळे पुसले. "काकू, हा बँडमास्तर कोण?"

"ओटिलीचा नवरा. रेनहोल्ड हार्टलेब. त्याचा रेडिओ गोठ्यात असतो, कारण घरात ओटिली त्याला लावू देत नाही."

"तुम्ही खरंच हुशार आहात. अशा लोककविता आमच्याकडे जमवतात. वही आहे का?"

आता तुला खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. हुशार आहेस असं मला कुणी म्हणून किती वर्षं झाली! सासूनंतर कुणीच नाही. तिनं लेखणी माझ्या हातात दिली तेव्हा एकच अट घातली होती, आठवतं? शेवटचं कडवं लिहिणारीनं स्वतःवरच करायचं, आणि ते सगळ्यांत झोंबणारं पाहिजे. "नाहीतर ती थट्टा नाही सेल्मे, चहाडी." तेवढं मात्र वेंडलांटला सांगितलं नाही. किती पाल्हाळ लावायचं.

३१ मे, शनिवार

वही दिली त्याला. त्यानं पहिल्या कडव्यापासून सगळं वाचून घेतलं, मी शेजारी बसून एकेक टोपणनाव उलगडून सांगितलं. कावळा म्हणजे एमिल क्नाउअर, कौलं बसवणारा:

कावळा चढे मनोऱ्यावर, एक कौल, तीन तास,
डोळे पल्याडच्या बायांवर, कामाचा नुसता भास.

बादलीबाई म्हणजे खानावळीची हर्मीना:

बादलीबाई बिअर ओते, अर्धी बिअर, अर्धं पाणी,
रशियनाला "तोवारिश", अमेरिकनाला "जॉनी".

तो मधूनमधून पेन्सिलीनं बारीक खुणा करत होता. मला वाटलं, आवडलेल्या कडव्यांना करतोय.

वहीची शिवण जुनी आहे. फार ओढू नका म्हटलं त्याला.

१ जून, रविवार

सणाचा दिवस. चर्चच्या दाराशी बर्चच्या फांद्या लावल्या, पण बाक अर्धे रिकामे. वेंडलांटला जेवायला बटाट्याचे गोळे केले. आठ खाल्ले! म्हटलं, "इतके तर माझा नवरा खाणीतनं आल्यावरसुद्धा खात नव्हता."

"काकू, इथली माणसं चांगली आहेत," तो एकदम म्हणाला. "कुणाला विचारलं तरी प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल चांगलंच सांगतो. माझी पंचाईत होते."

"ती कशी?"

"वर कागद पाठवावे लागतात ना. नुसतं चांगलं चांगलं लिहून कसं चालेल?"

मी त्याच्या ताटात नववा गोळा टाकला. बिचारा.

४ जून, बुधवार

वेंडलांटनं सकाळी वही मागितली, दोन दिवसांसाठी जिल्ह्याला न्यायची म्हणून. दिली. पास सगळ्यांचे झाले. माझ्या पासावरचा फोटो बघून ओटिली म्हणाली, "सेल्मे, या फोटोवरनं तुला ओढ्यापलीकडे कुणी घेणार नाही, अलीकडच्यांनी ठेवून घेतलं तरी नशीब."

उद्या तिच्याबरोबर गावभट्टीची पाळी आहे. सहा पाव आणि एक गोड. पीठ भिजवून ठेवलंय.

५ जून, गुरुवार

भरभर लिहितेय. अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

पहाटे भट्टी पेटवली. ओटिली अजून यायची होती. एवढ्यात चर्चची घंटा. थांबेना. आग लागली वाटून सगळे बाहेर. वर बघतो तर एमिल, मनोऱ्यावर. सकाळच्या थंडाव्यात कौलं बसवायला चढलेला. तो ओरडत होता, "ट्रक! गाड्या येतायत! रस्ताभर गाड्या!"

अकरा ट्रक. पोलीस, आणि पोलिसांबरोबर बाहेरगावचे, दंडाला फडकी बांधलेले लोक. चार घरांपुढे थांबले. हार्टलेब, क्नाउअर, हर्मीनाची खानावळ आणि वरच्या आळीतलं म्हाताऱ्या लुट्सचं घर. दोन तासांत सामान भरा. कुठं जायचं, सांगत नाहीत. कशासाठी, सांगत नाहीत.

एमिल खाली आला तो घरी गेलाच नाही. हातोडा कमरेला तसाच, सरळ ओढ्यात. दोन गोळ्या झाडल्या. नांगरलेल्या पट्ट्यात त्याच्या पावलांचे खोल ठसे, आणि पलीकडे झाडांच्या मागं तो दिसेनासा झाला. पोलीस त्या ठशांपाशी उभे राहून बघत बसले.

मी ओटिलीच्या घरी पळाले. हाताला पीठ तसंच. तिची शिवणयंत्राची पेटी ट्रकवर चढलेली, दोन्ही पोरी गाद्यांवर बसलेल्या, गाय गोठ्यात हंबरतेय. रेनहोल्ड दारात हात पसरून उभा. "कारण सांगा! पंचवीस वर्षं या गावात लाकूड कापतोय. कारण सांगितल्याशिवाय मी हलणार नाही!"

अधिकाऱ्यानं वेंडलांटकडे बघितलं. वेंडलांटनं पेटीतला कागद काढून दिला, आणि अधिकाऱ्यानं सगळ्या गावासमोर वाचलं: "शत्रूराष्ट्राचं रेडिओ केंद्र नियमित ऐकतो. गोठ्यात, जनावरांच्या आवाजाच्या आडोशानं. इतरांनाही ऐकवतो."

ओटिली हसली, आर्नो. आधी ती हसली! "अहो, ही गाय आहे! हे आमच्या जत्रेच्या प्रवचनातलं आहे!" आणि गर्दीत मला शोधलं तिनं. "सेल्मे! सांग ना यांना. तू लिहिलंयस ना हे!"

मी ओरडले. खरंच ओरडले. "मी लिहिलंय! थट्टा आहे ती! गावातली रीत आहे!"

अधिकारी म्हणाला, "कसली थट्टा? यात अकरा जणांची अकरा प्रकरणं आहेत. कोण हेरगिरी करतो, कोण दोन्हीकडच्या सैन्याला दारू पाजतो, सगळं लिहिलंय."

"अकरा नाहीत, बारा!" ओटिली म्हणाली. आता तिच्या आवाजात दम आला होता. "शेवटचं कडवं बघा. ते हिनं स्वतःवरच केलंय. दरवर्षी करते. चहाडी करणारा माणूस स्वतःचं नाव लिहील का? शेवटचं पान बघा म्हणजे कळेल, कसली वही आहे ते!"

अधिकारी थांबला. खरंच थांबला तो, आर्नो. वेंडलांटकडनं माझी वही घेतली, अंगठा ओला केला, शेवटपर्यंत पानं उलटली.

"अकराच आहेत."

"नीट बघा."

"अकरा. हे बघ. पुढं काही नाही."

ओटिलीनं तोंड उघडलं. ते कडवं सगळ्या गावाला पाठ आहे, जत्रेत पोरांनी सात वेळा म्हणायला लावलं होतं. तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तोंड मिटलं आणि ट्रकमध्ये चढली. पोरींच्या मधे बसली आणि धाकटीच्या झग्याचं बटण लावत राहिली.

एडमुंडनं टोपी डोळ्यांवर ओढली. मी म्हटलं, "शिवण ढिली होती. पान पडलं असेल." कुणाला म्हटलं, ठाऊक नाही. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

आणि तेव्हा तो वेंडलांट, तो मेला, माझ्या दंडाला हात लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घाबरू नका काकू. तुमचं नाव कुठंच नाही."

भट्टीत पाव जळून कोळसा झाले. मला वास आला, पण जागचं हलता आलं नाही.

६ जून, शुक्रवार

वेंडलांट गेला. जाताना स्वयंपाकघरात उभा राहिला, टोपी हातात. मी विचारलं, "का केलंत? हसला होतात ना तुम्ही?"

"मजेशीरच आहेत, काकू. पण मला बुधवारपर्यंत नावं द्यायची होती. गावात कुणी एक शब्द सांगेना. नावं दिली नसती तर माझं नाव कुणीतरी दिलं असतं." मग टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "आणि तो कौलवाला पळालाच ना? म्हणजे त्यात काहीतरी होतंच."

"तो तुमच्या गाड्या बघून पळाला!"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. डोळ्यांत काही लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं, तोंडावर काहीतरी फेकून मारता आलं असतं.

टेबलावर कॉफीचं पुडकं ठेवून गेला. खरी कॉफी. वही नाही दिली परत. ती आता फायलीत असते म्हणे.

१२ जून, गुरुवार

गावभट्टीवर गेले. बायका बोलत होत्या, मला बघून थांबल्या. एकीनं जागा दिली. "या सेल्माबाई, तुम्ही आधी भाजून घ्या." सेल्माबाई! परवापर्यंत "सेल्मे, तुझं ढुंगण बाजूला घे" म्हणणारी ही. मी म्हटलं, "अगं, काय झालंय तुला? माझी पाळी चौथी आहे."

"नाही नाही, तुम्हीच आधी."

मी पाव लावले. एक विनोद केला, पावाला बाक आला तर एडमुंडच्या नाकासारखा दिसतो म्हणून. सगळ्या हसल्या. सगळ्या, एकदम, जेवढ्यास तेवढं, आणि एकदम थांबल्या.

आर्नो, त्या मला भितात.

घरी आले तर उंबऱ्यावर सहा अंडी. कुणी ठेवली, कळलं नाही. परत कुणाला द्यायची तेही कळलं नाही.

२० जून, शुक्रवार

हार्टलेबांची गाय सहकारी गोठ्यात नेली. अर्धंच दूध देते म्हणे. रेडिओची गोष्ट कुणीतरी काढेल असं वाटलं होतं. कुणी काढली नाही.

१४ जुलै, सोमवार

ओटिलीचं कार्ड. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातनं. शाळेत असल्यापासनं तिचं अक्षर उजवीकडे पडतं, तसंच आहे.

"सेल्मे, आम्ही सगळे जिवंत आहोत. एका रिकाम्या गोदामात खोली दिलीये. गावात आधीच सांगून ठेवलं होतं, गुन्हेगार येताहेत म्हणून. पहिल्या दिवशी पोरींना दगड मारले. आता मारत नाहीत. रेनहोल्डला छाती भरून येते, इथल्या डॉक्टरला काही सुधरत नाही. तो अर्ज करतोय. एक बाई आहे कचेरीत, ती म्हणाली की ती वही थट्टेची होती हे कागदावर दाखवता आलं तर परत पाठवण्याचा विचार होईल. बोलून उपयोग नाही, तुझ्या हातचं लिहिलेलं पान पाहिजे. पडलेलं पान सापडलं का गं? फळीमागं बघ. जिन्याखाली बघ. तुला त्रास होईल, मला कळतं. पण माझ्याकडे दुसरं काही नाही. तुझी ओटी."

मला त्रास होईल. एवढंच लिहिलंय तिनं.

१५ जुलै, मंगळवार

उत्तर टाकलं. "सगळं घर पालथं घातलं. सापडलं नाही. उंदरांनी नेलं असेल."

नंतर खरंच सगळं घर झाडून काढलं. फळी हलवली, जिन्याखालचं सरपण बाहेर काढलं. का काढलं, मलाच कळत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज ओढ्यापलीकडे क्लारा उभी होती. पट्ट्याला आता काटेरी तार आलीये. मी खिडकीत. तिनं हात वर केला नाही, मीही नाही. मग तिनं अंगणातल्या दोरीवर तिचा लाल परकर टाकला. तीन तास तसाच ठेवला, ऊन गेलं तरी. मी खिडकी लावून घेतली.

९ सप्टेंबर, मंगळवार

ओटिलीचं दुसरं कार्ड. चारच ओळी. रेनहोल्ड इस्पितळात. अर्ज नामंजूर, कारण पुरावा नाही. "उंदरांबद्दल वाईट वाटलं," असं लिहिलंय.

माझी थट्टा करतेय ती. अजून करतेय. ते वाचून मी पायरीवर बसले ती दिवस मावळेपर्यंत उठलेच नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज जत्रेचा शेवटचा दिवस. म्हणजे असायचा.

गेल्या आठवड्यात एडमुंड आला होता. अंगणातच उभा राहिला, आत आला नाही. "सेल्माबाई, जिल्ह्यानं जत्रेला परवानगी दिलीये. प्रवचन पाहिजे म्हणतात. लोककला जिवंत राहिली पाहिजे."

"कुणावर लिहू?"

"अमेरिकेवर. बाराच्या बारा कडवी अमेरिकेवर. त्यांचा अणुबॉम्ब, त्यांची युद्धाची खुमखुमी, असं. आपल्या गावातलं काही नको."

"आणि शेवटचं? ते लिहिणारीवर असतं, एडमुंड. तुला माहितीये."

त्यानं अंगणाचं फाटक लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "सेल्मा, ते पान कुठं गेलं गं?" तिथं अंगणात, चार महिन्यांनी, पहिल्यांदा मला कुणी अगं-तुगं केलं. मला तो शब्द उचलून छातीशी धरावासा वाटला.

"पडलं," म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि गेला.

आज काळा झगा घातलेला पोरगा पिंपावर चढला आणि जिल्ह्याहून छापून आलेला कागद वाचला. लोक टाळ्या वाजवत होते. कुणी कुणाला बिअर पाजली नाही. खानावळीत आता दुसरंच कुणी आहे, बिअरमध्ये पाणी नसतं. हर्मीनाच्या पाणी घातलेल्या बिअरसाठी मी रडले, आर्नो, मधोमध उभी राहून.

घरी येऊन दिवा लावला. तू विचारलंस, "आज काय झालं गं?" आणि मी पाच महिने सगळं सांगितलं तुला, वेंडलांटचे गोळे मोजून सांगितले, जळलेल्या पावाचा वास सांगितला. एकच नाही सांगितलं.

पाठ कधी दुखली नव्हती माझी. चर्चच्या दारावरचा कागद वाचला, "कसलीही खूण", आणि त्याच दिवशी दोरीवरचा, क्लाराला "रस्ता मोकळा आहे" सांगणारा लाल परकर ओढून काढला. वही काय करू शकते, हे त्या टकल्याच्या आधी मला कळलं होतं. बाकीच्यांचं सगळं खोटं होतं, चढवून सांगितलेलं. बाराही कडव्यांत खरं असं एकच होतं, माझं.

खाणवाल्याची विधवा बाई धुणं सुकवी काठी,
पांढरा परकर पोलिसाला, लाल बहिणीसाठी.

शिवण ढिली नव्हती. शनिवारी वही वरच्या खोलीत न्यायच्या आधी, जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी राहून ते पान मी फाडलं. माझं तेवढं. बाकीची अकरा तशीच ठेवली आणि वर जाऊन त्याच्या हातात दिली. ते पान या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत आहे. पहिल्या दिवसापासनं तिथंच आहे.